महमूदच्या बंदुकीची नळी

१

शनिवारी सकाळी आठ वाजता माझ्या टेबलावर एक फुटलेली बंदूक आली आणि तिच्यासोबत तिचा निकालही आला.

निकाल आमच्या मॅनेजरच्या, ओमप्रकाशसाहेबांच्या तोंडी होता. "धनंजय, उगाच डोकं लावू नको. 'फिटिंग सदोष' एवढं लिही, सही कर. इथल्या लोकांशी वाकडं नको. मंगळवारी पोलीस घेऊन जातील."

"तपासायच्या आधीच लिहू?"

"तपास ना! कोण नको म्हणतं? पण लिहायचं तेच."

मी धनंजय घाग. रुसैलच्या एका पाइपच्या कारखान्यात क्यूसीला, म्हणजे माल तपासायला आहे. नववी नापास. लोखंड वाचायला चिपळूणच्या एका भट्टीवर शिकलो, तेही शिव्या खात. माझ्यावर इंजिनियर बसवतात, ते येतात आणि जातात. तडा कुठे आहे हे विचारायला शेवटी माझ्याच टेबलाशी येतात. आमच्याकडे तडे तपासायची यंत्रं आहेत, म्हणून पोलीस कधीमधी मोडक्यातोडक्या वस्तू पाठवतात. बंदूक मात्र पहिल्यांदाच आली. साल १९९८, नोव्हेंबर.

प्रकरण मला आधीच माहीत होतं. सगळ्या मस्कतला माहीत होतं. गुरुवारी अल अमेरातला महमूदच्या मुलाचं लग्न होतं. इथे वरातीत जुन्या बंदुका मिरवतात, हवेत बार काढतात. महमूदच्या घरची बंदूक म्हणजे शंभर वर्षांची इंग्रजी मार्टिनी, त्याच्या आजोबांची. महमूदच्या धाकट्या भावानं, सैफनं, बार काढला आणि नळी त्याच्या डाव्या हातातच फुटली. तीन बोटं गेली. नळी आदल्याच दिवशी, बुधवारी, महमूदच्या घरामागच्या वर्कशॉपमध्ये बदललेली होती. बदलणारा त्याचा लेथवाला बदरुद्दीन, आमच्या दाभोळचा. महमूद त्याचा मालक, इथल्या भाषेत अर्बाब. गुरुवारची संध्याकाळ व्हायच्या आत बदरुद्दीन आत.

या बदरुद्दीनशेजारी मी पूर्वी दोन वर्षं काम केलंय. चहाचा कप ठेवतानाही कडेला समांतर ठेवणारा माणूस. तो ढिली नळी बसवेल?

मी बंदूक उचलली. दस्त्यापासून पुढे चांदीच्या तीन पट्ट्या गुंडाळलेल्या. सगळ्यात रुंद पट्टीवर अरबी अक्षरं कोरलेली होती, पण ती खालच्या अंगाला. बंदूक धरली की अक्षरं तळव्याला लागत. वरून पट्टी कोरी. मला ते विचित्र वाटलं. नाव कोरायचं आणि लपवायचं?

मग सांधा बघितला. नळी आट्यांवर फिरवून बसवतात आणि ती पूर्ण घट्ट झाली की नळीवरची खूण पाठीमागच्या लोखंडावरच्या खुणेला मिळते. खूण खुणेवर होती. केसाएवढा फरक नाही. फिटिंग सदोष? कुणाच्या बापाचं?

शेवटी भिंग घेऊन फुटलेली कड बघितली. नवं तुटलेलं लोखंड चमकतं, मोडलेल्या साखरेच्या खड्यासारखं. इथली अर्धी कड तशीच होती. उरलेली अर्धी काळी, तेलकट, जुनी. आणि त्या काळ्या भागात, खोल फटीत, पांढरी पूड अडकलेली.

दारू जळून पांढरी पूड राहत नाही. मी टाचणीनं थोडी काढली, बोटावर चोळली.

ही नळी गुरुवारी फुटली असेल. पण तिला तडा खूप आधी गेला होता. आणि तो तडा कुणीतरी आधी पाहिलेला होता.

२

पोलिसांचा अधिकारी बलुची होता, आपल्यापेक्षा चांगलं हिंदी बोलायचा. म्हणाला, "दहा मिनिटं. रिपोर्टसाठी विचारायचं ते विचार."

बदरुद्दीन जाळीपलीकडे आला. तीन दिवसांत दाढी पांढरी झाल्यासारखी वाटली.

"धना, घरी कलवलंस काय?"

"नाही. आधी मला सांग, नळीला तडा होता?"

"जुनीला होता ना! म्हणून तर बदलली." तो जाळीला चिकटला. "मीच दाखवला अर्बाबला. नली रॉकेलमधी भिजवली, पुसली, वरून खडू चोलला. घटकाभरानं तडा काला उमटला. बोट ठेवून दाखवला. बोललो, अर्बाब, ही वापरू नका, हात जाईल कुणाचा तरी."

खडू. माझ्या बोटावरची पूड.

"आणि नवी नळी? तिलाही खडू चोळलास?"

"तिला कशाला? ती मत्रहच्या बाजारातल्या अलीमियाँकडून आली, तेव्हा आतून आरशासारखी होती. उजेडाकडे धरून मी आणि अर्बाब दोघांनी बघितली."

"मग बदऱ्या, सैफच्या हातात फुटली ती तुझी नळी नाही."

त्यानं जाळी घट्ट धरली. मग हळू म्हणाला, "मी बसवली ती नवी, धना. कुराण हातात घेऊन सांगतो. बुधवारी दुपारी बसवली, अर्बाबच्या हातात दिली. जुनी गोणपाटात गुंडालून फलीवर ठेवली."

"तुला फुटलेली बंदूक दाखवली कुणी?"

"कोण दाखवणार? मी वरातीत नव्हतोच. आमी मागच्या अंगणात मांडव बांधत होतो. पोलीस आले, अर्बाबला विचारलं, नली कुणी बदलली? अर्बाब बोलला, बदरुद्दीननं. खलास."

"बुधवार दुपार ते गुरुवार दुपार, वर्कशॉपमध्ये कोण आलं?"

त्यानं बोटं मोडली. "गुरुदत्त, माज्यासोबतचा वेल्डर. चावी त्याच्याकडं. अलीमियाँ आलेला, जुनी नली मागत होता, टुरिस्टला शोभेला विकायला. अर्बाब बोलला, लग्नानंतर ये. आणि अर्बाब."

"घरातलं आणखी कोणी?"

"नवरदेव सोहारला, सासरच्या कामाला. सैफ गुरुवारी दुपारी आला, सरल वरातीत."

शिपायानं घड्याळ दाखवलं.

"धना," बदरुद्दीन म्हणाला, "मला मारलं नाय, काय नाय. पण तो अधिकारी बोलला, कारखान्याचा कागद आला की केस कोर्टात. कागद तुझाच हाय ना?"

"माझाच आहे."

"मग बरा लिव."

बरा लिही म्हणे. कागद लिहायला मला दोन मिनिटं लागली असती. पण नुसतं 'नळी जुनी होती' लिहिलं तर अधिकारी काय म्हणेल? बदरुद्दीननंच जुनी परत बसवली, काम चुकवलं. त्याला सोडवायचा तर ती कुणी बसवली हे नावानिशी सांगावं लागणार होतं.

३

गुरुदत्त कुडाळचा. कुडाळचा माणूस प्रश्नाला प्रश्नानंच उत्तर देतो.

"गुरुवारी सकाळी कुठे होतास?"

"तू पोलिसात लागलंस काय?"

"वर्कशॉपची चावी तुझ्याकडे होती."

"मगे? चावी माझ्याकडे म्हणून नळी मी खाल्लंय?"

आम्ही महमूदच्या घरामागे उभे होतो. पत्र्याची शेड, आत एक लेथ, एक मोठा वाइस, भिंतीला पान्यांची रांग. महमूद लष्करात बंदुका दुरुस्त करायचा. निवृत्त झाल्यावर घरीच हे थाटलं. परवाना आहे. बाकी दिवस शेतांवरचे पंप दुरुस्त होतात. महमूद स्वतः गुरुवारपासून इस्पितळात भावाच्या उशाशी बसलेला, कपडे बदलायलासुद्धा घरी आला नव्हता, असं गुरुदत्त म्हणाला.

"तू आणि बदरुद्दीन भांडला होतात ना? मागच्या महिन्यात?"

"भांडलंव. तो माझो चष्मा वापरी. तेका म्हणून मी जेलात घालतलंय?"

"गुरुवारी सकाळी कुठे होतास?"

"झोपललंय."

"खोटं. तुमच्या खोलीतल्या बिहाऱ्यानं सांगितलं, तू सहाला गेलास."

त्याच्या भुवईवर घाम. नोव्हेंबरमध्ये इथे सकाळी घाम येत नाही, यायला लागतो तो पोटातल्या गोष्टीमुळे. मला वाटलं, झालं. सापडला.

"गुरुदत्ता, एक माणूस आत आहे."

"माका ठाऊक आसा रे!" तो ओरडला. मग इकडेतिकडे बघून कुजबुजला, "सीब गावाक गेल्लंय. एकाच्या घराचो गेट वेल्ड करूक. अर्बाबाच्या व्हिसावर दुसऱ्याचा काम. कळला तर माका पण पाठवतीत. चावी खिळ्याक लावून गेल्लंय."

म्हणजे गुरुवारी सकाळभर शेड उघडी होती. आणि तो मला आवडला नाही तरी खरं बोलत होता. गेटवाल्याचा फोन नंबरही दिला. नंतर मी फोन केला. तीन बिजागऱ्या वाकड्या बसवल्यात म्हणून तो गेटवाला अजून शिव्या देत होता.

"बुधवारी नळी बसवल्यावर बंदूक तू बघितलीस?"

"बघितलंय काय? फोटो काढलंय! बदरुद्दीनाक घराक पाठवूचो होतो. बंदूक हातात घेऊन असो उभो रवलो जसो ह्येचोच झिल नवरो."

"कुठे आहे फोटो?"

"कॅमेऱ्यात. रोल खंय संपलो हा? छत्तीसातले एकवीस झाले."

आम्ही इकडचे लोक रोल अर्धा असताना धुवायला टाकत नाही. दिवाळी, कुणाचा वाढदिवस, समुद्रकाठच्या कॉर्निशवरचा सूर्यास्त, सगळं भरल्यावरच स्टुडिओची पायरी चढायची. मी त्याला म्हणालो, आत्ता काढ उरलेले पंधरा.

"कोणाचे?"

"माझे, तुझे, पत्र्याचे, बोकडाचे. काढ!"

माणूस शिव्या घालत फोटो काढत सुटला. महमूदच्या बोकडाचे सहा काढले. चोर असता तर रोल उन्हात उघडून टाकायला त्याला एक क्षण पुरला असता. त्याला पंधरा फ्रेम वाया जाण्याचंच दुःख होतं.

तेवढ्यात मी फळीवरचं गोणपाट खाली काढलं. जड होतं. आत नळी होती.

"जुनी ती," गुरुदत्त म्हणाला. "अलीमियाँक देवची आसा."

मी ती दाराकडे, उजेडाकडे धरली आणि एका टोकाला डोळा लावला.

आतून आरसा. एक ओरखडा नाही. सांध्याजवळ बदरुद्दीनच्या छिन्नीची ताजी चमकती खूण.

नवी, चांगली नळी गोणपाटात शांत झोपलेली होती.

४

मत्रहच्या सूकमध्ये, जुन्या बाजारात, अलीमियाँचं दुकान आहे. खंजीर, चांदीच्या डब्या, पितळी कंपास, सगळं पुरातन आणि निम्मं मुरादाबादचं. माणूस रत्नागिरीच्या मिरकरवाड्याचा, तीस वर्षं इथे.

"आओ धनंजयशेट! चहा?"

"चाचा, बुधवारी महमूदच्या घरी होतात?"

"मी? बुधवारी? नाही बेटा. बुधवारी जहाज लागलं होतं, गोरे लोक ढिगानं. श्वास घ्यायला वेळ नव्हता."

"बदरुद्दीननं तुम्हाला पाहिलं."

त्यानं चहावाल्याला हाक मारली. मोठ्यानं. दोनदा. खोटं बोलणारा माणूस मध्येच कुणालातरी हाक मारतो, हे मी बघितलंय. ओमप्रकाशसाहेब पण तसंच करतात.

"हां, मग गेलो असेन पाच मिनिटं."

"लपवलंत का?"

"अरे, नळी मी दिली! फुटली तर पहिला हात माझ्या गळ्यावर येईल ना? तू काय केलं असतंस?"

"फुटलेली नळी तुमची नाही, चाचा. तुमची गोणपाटात आहे. धडधाकट."

त्याचा चेहरा असा उजळला की मला त्याचा रागच आला. एक माणूस आत, एकाची बोटं गेली आणि ह्याच्या मालाची अब्रू वाचली म्हणून ह्याला आनंद. मग तो उजेड हळूहळू विझला. मूर्ख नव्हता तो.

"म्हणजे कुणी परत बदलली?"

"तेच विचारायला आलोय. चांगली नळी तुम्हाला परत हवी होती? दुसऱ्याला विकायला?"

"हवी असती तर गोणपाटात ठेवून आलो असतो? खांद्याला मारून घेऊन नसतो आलो?"

हे त्याचं म्हणणं सरळ होतं. चोर वस्तू घेऊन जातो. इथे चांगली नळी शेडमध्येच होती, नुसती जुनीची जागा तिनं घेतली होती. ज्यानं अदलाबदल केली त्याला चांगली नळी नको होती. त्याला जुनी बंदुकीवर हवी होती.

"चाचा, ह्या घरची बंदूक तुम्ही आधी पाहिलीत?"

"महमूदच्या बापापासून. समा म्हणतात इथे तिला. चांदीच्या पट्ट्या माझ्याच ओळखीच्या कारागिरानं उजळल्या." तो पुढे झुकला. "त्या घरची एक रीत आहे. रुंद पट्टीवर आजोबाचं नाव आहे. दुसऱ्या घरांत नाव वर मिरवतात. ह्यांच्यात नाव तळव्याखाली. धरणाऱ्याचा हात आजोबाच्या नावावर पडला पाहिजे. दुसऱ्या कुणी वाचायचं कारण नाही."

म्हणजे माझ्या टेबलावरची बंदूक रीतीप्रमाणेच होती. नाव खाली. विचित्र काही नाही. मी चहा संपवला, आधी रोल टाकला होता त्या स्टुडिओत गेलो, छत्तीस फोटोंचं पाकीट घेतलं आणि रुवीच्या फुटपाथवरच उभ्या उभ्या उघडलं.

बोकड, बोकड, पत्रा, मी, बोकड.

आणि एकविसावा. बदरुद्दीन, छाती काढून, बंदूक आडवी धरून. मागे शेड, दुपारची तिरपी सावली.

पट्टीवरचं नाव वरच्या अंगाला होतं. स्वच्छ, काळं, वाचता येण्याजोगं.

५

महमूद सोमवारी घरी आला. मी दुपारच्या नमाजानंतर गेलो. जायच्या आधी सकाळीच रिपोर्ट त्या बलुची अधिकाऱ्याच्या हातात दिला होता. ओमप्रकाशसाहेबांना दाखवला नाही. त्यात तीन गोष्टी होत्या : फिटिंग घट्ट, फुटलेली नळी जुनी, तडा आधीचा. अधिकारी वाचून म्हणाला, "मग जुनी कुणी बसवली? हाच लेथवाला?" मी म्हणालो, संध्याकाळपर्यंत थांबा.

मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, आम्ही दोघेच बसलो. खजूर, कॉफी. महमूद साठीचा, ताठ. हिंदी बोलतो, लष्करातली. इथे मी मराठीत लिहितो.

"तू बदरुद्दीनचा मित्र," तो म्हणाला. "मला वाईट वाटतं. चांगला कामगार होता."

होता. मी तो शब्द गिळला आणि फोटो गालिच्यावर ठेवला.

"हा बुधवारचा आहे, अर्बाब. तुमची बंदूक. नवी नळी."

त्यानं वाकून बघितलं. हात लावला नाही.

"पट्टी बघा. बदरुद्दीनला तुमच्या घरची रीत माहीत नव्हती. त्याला वाटलं, एवढं सुंदर नाव, सगळ्या वरातीनं वाचावं. म्हणून वर ठेवलं. आता फुटलेल्या बंदुकीवर ते नाव खाली आहे. पट्ट्या काढल्याशिवाय नळी निघत नाही. म्हणजे बुधवारनंतर कुणीतरी पट्ट्या काढल्या, नळी बदलली, पट्ट्या परत बांधल्या. आणि बांधताना नाव तळव्याखाली नेलं. मुद्दाम नाही. त्याच्या हातांना दुसरं येतच नव्हतं म्हणून."

महमूदनं कॉफीचा थर्मास हातात घेतला, परत ठेवला.

"गुरुदत्तला हे माहीत नाही. त्यानं बांधल्या असत्या तर बदरुद्दीनसारख्याच बांधल्या असत्या. अलीमियाँला माहीत आहे, पण त्याला नळी चोरायची असती तर नळी गेली असती. ती गोणपाटात आहे. मी बघितली. तुमचा मुलगा सोहारला होता. सैफला माहीत होतं, पण जाणूनबुजून फुटकी नळी कोण आपल्या हातात फोडून घेईल? आणि ह्यातल्या कुणालाच नळी खुणेवर खूण मिळवून बसवता येत नाही. बदरुद्दीनला येते. आणखी एकाला येते. वीस वर्षं सरकारच्या बंदुका बसवल्या त्यानं."

बाहेर बोकड ओरडत होता. मला वाटलं, आता हा मला हाकलेल, उद्याच्या विमानात बसवेल. बसवू दे. मी बसूनच राहिलो.

"सामाइलहून माझा चुलता आला होता," शेवटी तो म्हणाला. आवाज खाली. "बुधवारी संध्याकाळी. नव्वद वर्षांचा. डोळ्यांनी दिसत नाही. त्यानं नळीवर अंगठा फिरवला. सगळ्या पाहुण्यांसमोर विचारलं, 'ही कुणाची? माझ्या बापाची नळी कुठे आहे?' मी काय सांगणार होतो?"

"फुटली होती, हे."

"तुला कळणार नाही."

"मला कळतं. मला चुलते नाहीत असं वाटतं का तुम्हाला?"

त्यानं माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "गुरुवारी सकाळी मी परत बसवली. बंदूक मीच धरणार होतो. रिकामी. बार दुसऱ्या बंदुकांनी निघाला असता. मग सैफ आला, माझ्या हातातून घेतली, हसत. कमरेच्या पट्ट्यातली गोळी काढली. सगळे बघत होते. मी... मला ओरडायला वेळ होता. तेवढा वेळ होता. तोंडातून आवाज निघाला नाही."

"आणि पोलिसांनी विचारलं तेव्हा?"

"मी खोटं बोललो नाही. त्यांनी विचारलं, नळी कुणी बदलली? बदलली बदरुद्दीननंच होती."

इथे माझं डोकं फिरलं. अख्खी पंधरा वर्षं ह्या देशात मी 'येस अर्बाब' म्हणत आलोय, पण त्या क्षणी मी त्याच्या गालिच्यावर त्याच्याच समोर मराठीत जी शिवी दिली ती इथे छापता येणार नाही. त्याला भाषा कळली नाही, अर्थ कळला.

"भावाच्या तोंडावर तुम्हाला सांगवत नव्हतं, म्हणून दाभोळच्या माणसाला आत टाकलंत. त्याचा चुलता मजलिसमध्ये बसलेला नाही, म्हणून. त्यानं तुम्हाला बोट ठेवून तडा दाखवला होता. 'कुणाचा तरी हात जाईल' म्हणाला होता. म्हणाला होता की नाही?"

"म्हणाला होता."

"अधिकारी संध्याकाळपर्यंत थांबलाय. त्यानंतर हा फोटो घेऊन तो इस्पितळात सैफकडे जाईल आणि एकच गोष्ट विचारेल, तुमच्या घरी नाव कुठे ठेवतात? सैफ उत्तर देईल. त्याला ते तिथे कळू द्यायचं की तुमच्या तोंडून, ते तुम्ही ठरवा."

त्यानं सवयीनं माझा कप पुन्हा भरायला थर्मास उचलला. मी कप हलवला. बस्स झालं, याची ही इथली खूण. तो थर्मास हातात घेऊन तसाच थांबला आणि मी चपला घातल्या.

संध्याकाळी पाचपर्यंत मी पोलीस ठाण्याच्या बाहेर बाकावर बसलो. सव्वापाचला बलुची अधिकारी दारात आला. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली आणि आत गेला. मला ती मान कळेना. हो की नाही?

६

महमूद आधी इस्पितळात गेला होता. मग ठाण्यात. सैफ त्याला काय म्हणाला, मला माहीत नाही आणि ते मला विचारूही नका.

बदरुद्दीन बुधवारी सुटला. मी अर्धा दिवस रजा टाकून गेलो होतो. रजा कसली, ओमप्रकाशसाहेबांनी त्याच सकाळी सांगितलं होतं की माझं कॉन्ट्रॅक्ट मार्चनंतर पुढे जाणार नाही, तेव्हा रजेला कोण विचारतंय.

बाहेर महमूदची गाडी उभी होती. तो स्वतः चालवत आलेला. बदरुद्दीन पिशवी घेऊन बाहेर आला, उन्हात डोळे मिचकावत. महमूदनं उतरून त्याच्यासाठी पुढचं दार उघडलं. अकरा वर्षांत बदरुद्दीन त्या गाडीत मागच्या सीटवर पंपांसोबतच बसत आला होता.

"चल," महमूद म्हणाला. "घरी जेवण आहे. तुझी खोली, काम, सगळं तसंच आहे. पगार वाढवतो. इन्शाल्ला, सगळं विसरून जाऊ."

बदरुद्दीन हलला नाही. मला वाटलं, बसणार हा. ह्याला सवयच आहे. माझ्या ओठांवर आलं होतं, बसू नको रे, गाढवा. पण बोललो नाही. इथे माझा कागद नव्हता.

"अर्बाब," तो म्हणाला, "माझा पासपोर्ट."

"तो कपाटात आहे. सुरक्षित आहे. नेहमीच असतो."

"ठाऊक हाय. आणून द्या."

"कशाला? पळून जाणार आहेस का?"

"नाय. जायचं झालं तर तुम्हाला सांगून जाईन. पण तो माज्या खिशात राहील." त्यानं पिशवी खाली ठेवली. "तुम्ही घेऊन या. मी हितं उभा हाय."

महमूदनं माझ्याकडे बघितलं, जणू मी काही बोलावं. मी सिगरेट काढली. मग त्यानं ठाण्याच्या दाराकडे बघितलं. तिथे तो बलुची अधिकारी खांबाला टेकून उभा होता, नखं बघत असल्यासारखा.

उघडलेलं दार महमूदनं बंद केलं. गाडीला वळसा घालून स्टिअरिंगवर बसला आणि अमेरातच्या रस्त्याला लागला.

"येईल?" मी विचारलं.

"येईल," बदरुद्दीन म्हणाला. तो पिशवीवर बसला. "नाय आला तरी मी उठत नाय. तू जा, धना, तुझा खाडा होईल."

मी त्याच्याशेजारी बसलो.

चाळीस मिनिटांनी ती गाडी परत आली.